पैऱ्यानं केलेलं संशोधन

श्रमाची मागणी का वाढते आणि का घटते, हे मी कराडच्या एका कॉलेजात सात वर्षं फळ्यावर रेषा काढून शिकवत होतो. रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते. सात वर्षांत ती एकदाही वर गेली नाही आणि एकाही पोरानं "का?" म्हणून विचारलं नाही. पोरांना ती परीक्षेत काढता आली की पुरे आणि मला एक तारखेला पगार मिळाला की पुरे, असा आमचा समजूतदारपणा होता. त्या रेषेवर जो कुणी मजूर नावाचा इसम असतो, त्याची माझी ओळख नव्हती. करून घ्यावी असं वाटलंही नव्हतं.

सत्त्याहत्तर सालच्या जूनमध्ये प्राचार्यांनी मला आणि शेणोलीकरला आत बोलावलं. शेणोलीकर म्हणजे आमच्या अर्थशास्त्र विभागातला दुसरा प्राध्यापक. विभागात आम्ही दोघंच. नवा आकृतिबंध आला होता, दहा अधिक दोन अधिक तीन. त्या बेरजेत आमच्या कॉलेजचा एक अख्खा वर्ग गळाला, आणि वर्गाबरोबर आठवड्याचे तास गळाले.

"वर्कलोड एकाचाच भरतो," प्राचार्य म्हणाले. "पुढच्या एप्रिलपासून तुमच्यातला एक जण अतिरिक्त."

"कोण, सर?" शेणोलीकरनं विचारलं. हा माणूस 'सर' हा शब्द असा उच्चारतो की समोरच्याला आपण आत्ताच जेवून उठल्यासारखं वाटतं.

"ते मी कशाला ठरवू? पुण्याच्या संस्थेचं पत्र आलंय. 'ग्रामीण श्रममागणी व रोजगारातील बदल.' दोघांनी एकेक गाव घ्या, फेब्रुवारीअखेर अहवाल द्या. संस्था ज्याचा अहवाल स्वीकारील तो राहील."

म्हणजे नोकऱ्या कशा जातात याचा अभ्यास ज्याला जमणार नाही, त्याची नोकरी जाणार. यात हसण्यासारखं काही आहे, हे त्या खोलीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. माझं वय छत्तीस, घर भाड्याचं, पदरात बायको कुमुद आणि दोन मुली. सांगलीला सासरे आधीच लोकांना सांगत असत की, जावई कॉलेजात आहे, पण अजून पक्का नाही.

संस्थेनं छापील तक्ते पाठवले. एकेक तक्ता चौदा पानांचा, प्रश्न ब्याण्णव. ते ज्या कुणी मराठीत आणले होते त्याला मराठी येत नव्हतं, आणि ज्यानं मुळात तयार केले होते त्यानं शेत पाहिलं नव्हतं. 'गत कृषिवर्षात आपण वेतनावर किती श्रमदिवस क्रय केले?' हा प्रश्न क्रमांक एकतीस. 'गत कृषिवर्षात आपण किती दिवस रिकामे होता?' हा सदतीस. मी ते वाचले आणि मला ते फार शास्त्रीय वाटले. खोटं कशाला बोलू?

आमच्या सोमवार पेठेत शेजारी नानासो राहतात. तीस वर्षं तलाठी होते, आता पेन्शनीत आहेत. पेठेत कुणाच्याही घरी कागद आला की त्याचा वास त्यांना आधी लागतो. ते येऊन ओट्यावर बसले, तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सर, एक सांगू? गावात जाऊ नका."

"का?"

"मी तीस वरसं पीकपाहणी केली. चावडीच्या कट्ट्यावर बसायचं, पान लावायचं, आनी मागल्या साली जे लिवलं आसंल त्यात उनंअधिक करायचं. एकदा बी पीक चुकलं न्हाई."

"चुकलं नाही?"

"कागदावरचं. सायेब लोक कागदावरचंच पीक बघत्यात."

मी नानासोंना पंधरा मिनिटं शास्त्र म्हणजे काय ते ऐकवलं. निरीक्षण, पुरावा, संशोधकाची सचोटी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं बरं" म्हणाले, चहा संपवला आणि उठले. त्याच संध्याकाळी ते शेणोलीकरच्या ओट्यावर बसलेले कुमुदनं पाहिले.

मी निवडलं तांबजाईवाडी. एकेचाळीस उंबऱ्यांची वाडी, कराडपासून एस.टी.नं पाऊण तास आणि पुढं अर्धा तास पायी. सगळी दोन-दोन, तीन-तीन एकरांची कुटुंबं, घरटी एक माणूस फौजेत नाहीतर मुंबईत. पण जायचं म्हणजे आधी वरच्या कचेरीतलं पत्र हवं. ते मिळवायला सव्वा महिना गेला. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला साहेब होते, शिक्का दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला कारकुनानं विचारलं, "श्रम कुणाचे मोजणार?" मी म्हटलं, गावकऱ्यांचे. "मग कामगार खात्याकडं जा." कामगार खातं म्हणालं, शेतातले असतील तर शेतकी. शेतकीवाला म्हणाला, आमच्याकडं फक्त बियाणं. शेवटी पत्र मिळालं, पण त्यात माझ्या नावापुढं 'पशुगणनेकरिता' असं लिहिलं होतं. मी ते बदलून मागितलं नाही. तोवर माझा स्वाभिमान बराच खाली आला होता.

ऑगस्टात वाडीत पोचलो तर तिथं चिटपाखरू नाही. आणीबाणी उठून चार-पाच महिनेच झालेले. हातात कागद, डोळ्याला चष्मा आणि पायात बूट असलेला माणूस वाटेनं येताना दिसला म्हणजे गावच्या गड्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं. सगळे उसात. देवळाच्या पारावर एकटी एक बाई शेंगा निवडत बसली होती. ती येसूबाई. पन्नाशीची, नवरा फौजेतून परत न आलेला, आणि वाडीतल्या बायकांच्या कामाच्या टोळीची पुढारीण. तिनं मला बुटापासून चष्म्यापर्यंत पाहिलं.

"मास्तर, आप्रेशनवालं का तुमी?"

"छे, छे! मी कॉलेजातला. संशोधन करायला आलोय."

"कशाचं?"

"कामाचं. गावात काम वाढलं का कमी झालं, त्याचं."

"त्यात काय सोदायचं? काम कमी व्हतंय व्हय कवा?" असं म्हणून तिनं उसाकडं तोंड करून हाळी दिली, "आरं या रं भाईर! न्हाई कापत कुनी!"

एकेक करून गडी बाहेर आले. सगळ्यात शेवटी हिंदुराव. हा वाडीचा म्होरक्या, सहा फूट उंच, मिशीला उसाचं पाचट लागलेलं. आपण लपलो होतो हे त्याला लागलं होतं, म्हणून तो जरा जास्तच खणखणीत बोलला.

"काय पायजे सायेब?"

मी समजावून सांगितलं. प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसानं माझ्यासमोर बसायचं आणि ब्याण्णव प्रश्नांची उत्तरं द्यायची.

"म्हंजे अर्दा दिस गेला," हिंदुराव म्हणाला. "मजुरी काय देनार?"

"मजुरी नाही. हे संशोधन आहे."

"मग काय पैऱ्यानं?"

इथं मी थांबायला हवं होतं. पैरा हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. एम.ए.ला तळटीपेत वाचला होता: एकमेकांच्या शेतात बिनपैशानं राबण्याची जुनी प्रथा, आता कालबाह्य. आता जी गोष्ट पुस्तकातच कालबाह्य झाली तिला हो म्हणायला माझं काय जातंय? अडाणी माणसाच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी उदारपणे हसलो आणि म्हणालो, "हो, हो. पैऱ्यानंच समजा!"

गावानं एकमेकांकडं पाहिलं. येसूबाईनं सूप खाली ठेवलं. "मास्तर, नक्की न्हवं?"

"शब्द दिला!" मी म्हणालो. माणसाला अक्कल नसली की तो शब्द फार मोठ्यानं देतो.

पुढचे तीन आठवडे मी रोज पारावर तक्ते भरत होतो. त्यातून जे निघालं ते असं. प्रश्न एकतीस, किती मजूर लावले? "एक बी न्हाई." मग भांगलण-खुरपणी कुणी केली? "समद्यांनी." त्यांना काय दिलं? "काय द्यायचं? त्यांची भांगलन आली की आमी जातो." बरं, तुम्ही कुणाकडं मजुरीला गेलात? यावर लोक रागवायचे. "आमी का म्हनून मजुरीला जावं? आमचं शेत न्हाई का?" ऊस तोडायला कोण येतं? "कारखान्याची टोळी. त्यांचं कारखाना बघतोय." मग प्रश्न सदतीस, किती दिवस रिकामे होता?

या प्रश्नाला येसूबाई आधी हसली आणि मग माझ्याकडं बघतच राहिली. "रिकामी? म्हंजे कशी?"

"म्हणजे काम नव्हतं असे दिवस."

"मास्तर, मी ल्हान व्हते तवा एकदा गोवर निगाला व्हता. आट दिस. त्ये लिवू?"

एकेचाळीस तक्ते भरून झाले, मी बेरीज केली. तांबजाईवाडीत मजूर लावणारे शून्य, मजुरीला जाणारे शून्य. संस्थेच्या नियमानं अख्खी वाडी शंभर टक्के बेकार ठरत होती. आणि ह्या बेकारांपैकी एकही जण मला तीन आठवड्यांत दिवसा घरी सापडला नव्हता; तक्ते मी सकाळी कामावर जायच्या आधी त्यांना अडवून भरत होतो. मी आकडे पुण्याला पाठवले. संचालकसाहेबांचं उत्तर आलं, एकच ओळ: 'श्रममागणी शून्य असू शकत नाही, गणकाची चूक, फेरतपासणी करा व प्रत्येक तक्त्यावर पुन्हा सही-अंगठा घ्या.' सात वर्षं रेषा काढणाऱ्या माणसाला गणक म्हणतात! मी ते पत्र कुमुदला दाखवलं नाही, पण तिनं ते वाचलं होतं.

आता पुन्हा एकेचाळीस घरं फिरणं आलं. त्या विचारात मी एका सकाळी दात घासत होतो, तर दारात हिंदुराव.

"सर, उद्या आमच्या शेंगा काडायच्या हाईत. याचं."

"बघायला ना? येईन की."

"बगाय न्हाई. उपटाय. पैरा."

माझ्या तोंडातली पेस्ट गळ्यात गेली. शेजारी नानासो वर्तमानपत्र वाचत होते ते त्यांनी खाली केलं. हिंदुरावनं मग सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात मला समजावलं. एकेचाळीस माणसांनी अर्धा-अर्धा दिवस दिला. म्हणजे सरांच्याकडं एकेचाळीस अर्धे दिवस निघतात. त्यानं ते घाईनं मागितलेलं नव्हतं, शेंगांची सुगी येईपर्यंत थांबला होता.

"अहो, मी पैसे देतो!" मी खिशात हात घातला.

हिंदुरावचा चेहरा उतरला. "पैकं? पैरा पैशानं फेडत्यात व्हय? पैरा अंगानं फेडायचा आसतोय, सर. शब्द दिलाय तुमी."

"मग माझ्याऐवजी दुसरा कुणी पाठवला तर?"

"घरातला पाठवा. भाईरचा चालत न्हाई." त्यानं कुमुदकडं पाहिलं. कुमुदनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करायची माझी तयारी नाही.

हिंदुराव गेल्यावर नानासो म्हणाले, "डाक्टरचा दाखला घ्या. पाठ धरलीय म्हनून. मी काडून देतो." शेणोलीकरही कुठून तरी उगवला आणि फार सहानुभूतीनं म्हणाला, "आठल्ये, तू तरी असल्या लोकांच्या नादी कशाला लागलास? माझे सव्वाशे तक्ते झाले सुद्धा." मी विचारलं, कुठलं गाव? तर म्हणाला, "आहे, जरा दुर्गम आहे." मला दाखला घ्यायचा मोह झाला नाही असं नाही. पण फेरतपासणीच्या सह्या वाडीकडूनच घ्यायच्या होत्या, आणि शब्द मोडलेल्या माणसाच्या कागदाला तांबजाईवाडीत अंगठा सोडा, पाणी मिळालं नसतं. सह्या नाहीत तर अहवाल नाही, अहवाल नाही तर नोकरी नाही. मी गेलो.

भुईमुगाचा वेल उपटणं ही कला आहे. बुडाशी धरून, जरा हलवून, अलगद ओढायचा, म्हणजे शेंगा वर येतात. मी वेल शेंड्याला धरून जोरानं ओढला. पाला माझ्या हातात, शेंगा जमिनीत. असे मी दोन तासांत चार सऱ्या उपटल्या आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. मागं पाहिलं तर येसूबाई आणि आणखी एक बाई खुरप्यानं माझ्या सऱ्या पुन्हा उकरत होत्या.

"आवं मास्तर," येसूबाई म्हणाली, "तुमी एक आला आनी आमच्या दोघी तुमच्या मागं गुतल्या. तुमी न आला तर आमचं काम लवकर व्हईल."

सीमांत उत्पादकता उणे असलेला श्रमिक. हे मी दर वर्षी दुसऱ्या सत्रात शिकवतो. उदाहरण द्या म्हणून प्रश्नही घालतो. पोरं काहीतरी ठोकून द्यायची, आणि मी 'समर्पक उदाहरण नाही' म्हणून गुण कापायचो. समर्पक उदाहरण आता त्या रानात कंबर धरून उभं होतं, हाताला फोड आले होते आणि बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

संध्याकाळी पारावर गाव बसलं. माझी मजुरी ठरवायला नव्हे, माझी किंमत ठरवायला. पैऱ्यात गड्याला गडी आणि बाईला बाई असा हिशेब असतो. मी गड्यात बसत नव्हतो. एक म्हातारा म्हणाला, बाईत धरा. येसूबाई ताडकन उठली. "बाईत? का म्हनून? बाईचं काम काय आसलं आसतंय?" तो दिवस कुणी माझ्या नावावर धरलाच नाही. त्या रात्री एस.टी.त मी उभ्यानं आलो. जागा होती, पण बसता येत नव्हतं.

तोडगा शेवटी येसूबाईनंच काढला. "मास्तरास्नी काय येतंय? वरडाय येतंय. मग शाळवाच्या राखनीला बसवा."

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, जानेवारीत हुरड्यावर आला, की पाखरांचे थवे उतरतात. रानाच्या मधोमध चार लाकडांवर माळा बांधायचा, त्यावर उभं राहून ओरडायचं आणि गोफणीनं खडे मारायचे. एक सकाळ म्हणजे अर्धा दिवस. माझे तास दुपारचे होते. एक जानेवारीपासून मी पहाटेच्या गाडीनं जायचो, दहापर्यंत माळ्यावर ओरडायचो, आणि बारा वाजता कॉलेजात येऊन पुन्हा ओरडायचो. फरक एवढाच की पाखरं ऐकायची.

आणि खरं सांगतो, काम मला जमलं. आवाज भरपूर होता, सात वर्षं कुणी न ऐकता बोलायची सवय होती. गोफण पंधरा दिवसांत आली. लोक कामाला जाता-येता माळ्याखाली थांबायचे, भाकरी खात तक्त्यांची फेरतपासणी द्यायचे, अंगठा उठवायचे. "ह्याचा पैरा धरत न्हाई," हिंदुरावनं आधीच सांगून टाकलं. "भाकरी तर खायाचीच व्हती." अहवाल मी त्याच माळ्यावर लिहिला. काय आहे तेच लिहिलं: ह्या वाडीत श्रमाचा बाजार नाही, म्हणून मागणी शून्य; आणि रिकामपणही शून्य. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

फेब्रुवारीच्या मध्याला संचालकसाहेब पाहणीला आले. जीपमधून ते, प्राचार्य आणि तिसरा शेणोलीकर, पाणी-बिणी बघायला. मी तेव्हा डोक्याला टॉवेल बांधून, गोफण फिरवत, "हाऽऽ हुर्रर्र!" करत होतो.

"हे कोण?" संचालकांनी विचारलं.

प्राचार्यांनी दुसरीकडं पाहिलं. "आमच्याकडचेच आहेत."

मी खाली उतरलो नाही. थवा घिरट्या घालत होता, आणि उतरलो असतो तर सकाळ फुकट गेली असती.

"आपण निरीक्षण करताय का?" संचालकांनी वर मान करून विचारलं.

"नाही. फेडतोय."

मी त्यांना वरूनच सगळं समजावलं. पैरा काय, तो कालबाह्य कसा झालेला नाही, तक्त्यात त्याला रकाना कसा नाही. त्यांनी एकच विचारलं, "वेतन मिळतं?"

"नाही."

"मग व्याख्येनुसार हा रोजगार नव्हे."

"मग मी हे काय करतोय, साहेब?"

"व्याख्येनुसार?" ते म्हणाले. "काहीच नाही."

खाली येसूबाई उभी होती. "काय म्हंत्यात त्ये?"

"म्हणतात, मी काही करत नाही."

"आत्ता गं बया! मग पाखरं काय त्यास्नी बगून उडत्यात?"

जीप गेली. शेणोलीकरच्या गावाला मात्र ते गेले नाहीत. तिथं म्हणे रस्ताच नाही, होडीनं जावं लागतं. एवढ्या दुर्गम गावातून सव्वाशे तक्ते आणल्याबद्दल संचालकांनी त्याची पाठ थोपटली. त्याच्या गावात श्रममागणी अकरा पूर्णांक चार दशांश टक्क्यांनी वाढली होती. ते चार दशांश संचालकांना फार आवडले.

मार्चअखेर निकाल आला. शेणोलीकरचा अहवाल स्वीकारला. माझ्यावर शेरा होता, 'संशोधक विषयापासून पुरेसा अलिप्त नाही.' मी नानासोंना गाठलं आणि गावाचं नाव विचारलं. ते जरा ओशाळले. "माज्या जुन्या सज्जातलं गाव, सर. पंधरा वरसं झाली, धरनाच्या पान्याखाली गेलंय. पर कागद समदं माज्याकडं व्हतं. उनंअधिक केलं."

पाण्याखालच्या गावात रोजगार वाढला! मी तसाच प्राचार्यांकडं धावलो. त्यांनी ऐकलं, पेनाला टोपण घातलं आणि म्हणाले, "आठल्ये, संस्थेनं स्वीकारलाय ना?" मी अतिरिक्त झालो. साताऱ्याला जाऊन बेकारांच्या यादीत नाव घालून आलो. रांगेत पुढं दोन एम.ए. होते आणि मागं माझाच एक जुना विद्यार्थी. त्यानं मला नमस्कार केला. मेल्याला रेषा अजून पाठ होती.

एप्रिलात एका सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. हल्ली बसलेलाच असायचो. तर पेठेच्या टोकाकडून खुरपी, कुदळी, पाट्या घेतलेली सहा माणसं येताना दिसली. पुढं हिंदुराव आणि येसूबाई. पेठेतल्या खिडक्या उघडल्या. नानासो उठून उभे राहिले. मी मनात म्हटलं, घ्या, आता आणखी काय राहिलंय माझ्याकडं?

"माझा पैरा फिटला ना?" मी दुरूनच विचारलं.

"फिटला की," हिंदुराव म्हणाला. "पर तुमी सत्तेचाळीस सकाळी बसलासा. देनं व्हतं एकेचाळिसाचं. सा सकाळी आमच्याकडं निगत्यात. काय काम हाय त्ये सांगा. घर शाकारू, भिताड बांदू, काय बी."

मी घराकडं पाहिलं. घर भाड्याचं. अंगणात एक तुळस. कुमुद दारात येऊन उभी राहिली होती. एवढी माणसं अवजारं घेऊन काम मागत दारात उभी होती, आणि मला त्यांना सांगायला एक काम सुचेना.

"काम नाही," मी म्हणालो.

"आसंल की कायतरी."

"नाही हो. मलाच काम नाही. नोकरी गेली."

हिंदुरावनं कुदळ खांद्यावरून खाली घेतली. येसूबाई मात्र ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. तिथं तक्त्यांचा गठ्ठा तसाच पडला होता. त्यातला एक कोरा तिनं उचलला आणि माझ्या हातात दिला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते प्रश्न तिनं दोनदा ऐकले होते आणि दोन्ही वेळा हसली होती.

"लिवा," ती म्हणाली. "गेल्या साली मजूर किती लावलं?"

"एकही नाही."

"मजुरीला गेला का कुनाकडं?"

"गेलो होतो. सात वर्षं. आता नाही."

"रिकामं किती दिस?"

मी बोटावर मोजले. "तेरा."

"लिवा तेरा." ती हसली नाही. मी लिहिलं. ब्याण्णव प्रश्नांतला तेवढाच एक रकाना संस्थेला हवा तसा भरला गेला. अख्ख्या पाहणीत मला एकच बेकार सापडला, आणि तो नमुन्यात नव्हता.

मग येसूबाई उठली, पदर खोचला, आणि पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या सा सकाळी ऱ्हाऊ द्यात आमच्याकडं. पैरा फिटला की मानूस परका व्हतोय. तवर सोमवारी आमच्या उसाची भांगलन हाय. पैल्या गाडीनं या."

"अहो, पण मला खुरपं धरता येत नाही!"

"न्हाई येत, ठाव हाय. शिकीवते. तुमी सात वरसं पोरास्नी काय शिकीवलं, त्यापरास बरं शिकीवते."

नानासो कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, पाठीचा दाखला आजून बी काडून देतो." कुमुद आत गेली होती. ती माझा डोक्याला बांधायचा जुना टॉवेल धुऊन दोरीवर वाळत घालत होती, सोमवारपर्यंत वाळावा म्हणून.